दहा फुटाला दोन सूत

सुरतेत मराठी माणसाला ‘भाऊ’ म्हणतात. त्यात आदर असतो आणि चिमूटभर चेष्टाही. चौकातल्या चहाच्या टपरीवर पहिल्या वर्षापासून मला एकच प्रश्न ठरलेला असायचा, “केम भाऊ, फरी लूंटवा आव्या?” शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये सुरत लुटली, हे इथला माणूस अजून विसरलेला नाही. माझंही उत्तर ठरलेलं होतं. महाराज आले तेव्हा तुमच्या शहराभोवती मातीचा कोट होता, तोही ढासळलेला. विटांची पक्की भिंत नंतर उठली, म्हणजे ती आमच्यामुळेच. यावर कधीकधी चहा फुकट मिळायचा.

आता ती भिंत जवळजवळ नाहीच. तिच्याबाहेर पुढे आणखी एक कोट झाला, तोही गेला. राहिली ती नावं. दिल्ली गेट, सहारा दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा गेट असं रिक्षावाले रिंग रोडवर ओरडतात, दरवाजा मात्र कुठेच दिसत नाही. आतल्या जुन्या गावाला लोक ‘कोट विस्तार’ म्हणतात. माझी बरीचशी कमाई कोटाबाहेरच्या बंगल्यांमध्ये हिरवळी घालून झाली. बागकाम मात्र मी शिकलो कोटाच्या आत, अठ्ठावीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशा एका अंगणात. तेही चुकून.

मी मूळचा साक्री तालुक्यातला. पांझरेकाठी आमची जमीन फडात आहे. ज्यांना फड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कोणाला, कधी, किती वेळ, हे पाटकरी ठरवतो. शेकडो वर्षांची पद्धत आहे, पंप नाही की मीटर नाही. माझे वडील काही वर्षं पाटकरी होते. लहानपणी मी त्यांच्यामागे फावडं घेऊन हिंडायचो आणि बारं धरायला कंटाळायचो. रात्रीच्या थंडीत चिखलात उभं राहून पाणी वाफ्याच्या टोकाला पोचण्याची वाट बघायची, हे काय काम आहे, असं वाटायचं.

म्हणून १९९१ मध्ये नंदुरबारहून पॅसेंजर पकडली आणि खानदेशातली हजारो पोरं येतात तसा सुरतेला आलो. उधन्याला लूमवर लागलो. बारा तासांची पाळी, कानांत सतत खटखट. झोपेतही लूम चालू असायचा. चौदा महिन्यांनी एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा काम सोडलं आणि तापीपलीकडच्या एका नर्सरीत पाणी घालायला राहिलो. रोज पंचवीस रुपये कमी मिळायचे, पण आवाज नव्हता. १९९४ ला प्लेगची बातमी आली आणि सगळे पळाले, तसा मीही गावी पळालो. तीन आठवड्यांनी परत आलो तर मालकाची अर्धी रोपं वाळलेली. उरलेली जगवली म्हणून त्याने मला मुकादम केलं. पुढे स्वतःचं काम सुरू केलं.

खरं सांगायचं तर पहिली दहा-बारा वर्षं मी बागा केल्याच नाहीत, हिरवा गालिचा विकला. माती ओतायची, लॉनचे चौकोन अंथरायचे, कडेने फायकस लावायचे, कोपऱ्यात एक फायबरचा बगळा. मालक खूश आणि मी मोकळा. पाणी स्प्रिंकलर मारायचा. उतार, पातळी वगैरे मी बघतच नसे.

ते बघायला मला पुराने शिकवलं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. चार दिवस मी एका अपार्टमेंटच्या गच्चीवर होतो. पाणी उतरल्यावर मी केलेल्या बागा बघायला निघालो. लॉनवर वीतभर गाळ, त्यावर ऊन पडून पापुद्रे सुटलेले, गुलाब काळे पडलेले. कण्हेर आणि खजूर मात्र अंग झटकून उभे. पण माझं लक्ष गेलं भिंतींकडे. प्रत्येक घरावर चिखलाची एक रेघ होती. एका घरात ती माझ्या गुडघ्याशी, शंभर पावलांवरच्या दुसऱ्या घरात डोक्याच्या वर. सुरत सपाट आहे, असं मी पंधरा वर्षं समजत होतो. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतात ना, तशी तापीने एका मोहल्ल्यातल्या सगळ्या भिंतींवर एकदम पातळी काढून ठेवली होती. ती रेघ सरळच होती, वरखाली होती ती जमीन. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत दहा मीटर लेव्हल पाइप असतो.

आणि तरीही मी चुकलो.

पुरानंतर पाच-सहा वर्षांनी कोट विस्तारातल्या एका कापडवाल्या शेठनी बोलावलं. घर शे-सव्वाशे वर्षांचं, रस्त्यावरून अरुंद, आत लांबच लांब. सागवानी खांब, मध्ये उघडा चौक आणि चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टांकू. आपल्या गडांवर टाकं असतं तेच, फक्त घराच्या पोटात. इथल्या जुन्या घरांमध्ये ते असायचंच, कारण विहिरीचं पाणी मचूळ. शेठ सहकुटुंब स्पेनला जाऊन आले होते. मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, “भाऊ, आवुं जोईए.” ग्रॅनाडा गावातल्या बागेचा फोटो होता. मधोमध लांब पाण्याचा पाट, दोन्ही बाजूंनी कारंज्यांच्या बारीक धारा कमान करून पाटात पडतायत, कडेने फुलंच फुलं. मी म्हटलं, होऊन जाईल. मी सगळ्यांनाच होऊन जाईल म्हणायचो.

काम सुरू केलं त्या दिवशी पलीकडच्या घरातल्या वयस्कर बा गॅलरीतून बघत होत्या. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच, विटा आणि चुना, मध्ये लाकडाच्या पट्ट्या. बा वरूनच म्हणाल्या, “भाई, आ भींत पाणी पीए छे.” मी हसून मान हलवली आणि भिंतीला लागूनच वाफा खणला. जागा वाचत होती. वाफ्याच्या बाजूने भिंतीला सिमेंटचं प्लॅस्टर मारलं, वर वॉटरप्रूफिंगची पावडर. झाला बंदोबस्त, असं मला वाटलं.

पाट केला चोवीस फुटांचा, नऊ इंच रुंद, चार इंच खोल. उतार दिला दहा फुटाला एक इंच. न्हाणीघराच्या मोरीला देतात तसा. हातालाच सवय, डोकं लावलंच नाही. पाणी सोडलं तर ते पळालं. वरच्या टोकाला फरशी उघडी पडली, नुसती ओली. खालच्या टोकाला पाणी काठावरून अंगणात. शेठ कौतुकाने बघायला उभे होते, त्यांचे मोजे भिजले. कारंज्यांसाठी बारा नोझल लावले होते. महिन्याभरात क्षाराने त्यातले सात बुजले आणि उरलेले पाच तिरके उडायला लागले. उडायचे ते बरोबर बांच्या भिंतीवर.

तिसऱ्या महिन्यात बांनी निरोप पाठवला. मी गेलो. त्यांनी काही न बोलता माझा हात धरला आणि भिंतीवर टेकवला. गार, ओलसर. देवाचा दिवा ठेवायच्या कोनाड्याखाली पांढरा लोणा फुलला होता, मिठासारखा. बोट लावलं की चुना भुगा होऊन खाली पडत होता. सिमेंटमुळे पाणी माझ्या बाजूने बाहेर पडेना, मग ते भिंतीतून वर चढून त्यांच्या बाजूने निघत होतं. बांचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, “में तो कहेलुं.” सांगितलं होतं ना. एवढंच. मी आजवर खाल्लेल्या शिव्यांपेक्षा ते जड गेलं.

त्याच सुमारास आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी जुन्या घरांची मापं घेत त्या गल्लीत फिरत होती. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी धरलं. “काका, हे तुम्ही केलंत?” असं तिने विचारलं आणि मी मान खाली घातली. तिने मला त्या फोटोतल्या बागेचं नाव सांगितलं, हेनेरालिफे. अलहंब्राच्या शेजारची, अरबी राज्यकर्त्यांनी केलेली. त्या अंगणाच्या स्पॅनिश नावाचा अर्थ तिने सांगितला तो ऐकून मला गंमत वाटली. पाटाचं अंगण! पाटाला त्यांचा शब्द आसेकिया, तो अरबी साकियावरून आला. गझलेतला प्याला भरणारा साकी आणि हा पाट एकाच धातूचे. म्हणजे आमच्या फडातले पाटकरी साकीच म्हणायचे. वडलांना हे अजून सांगितलेलं नाही.

तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या आणि माझी झोप उडाली. एक, ती फोटोतली कारंजी मुळातली नाहीतच, कित्येक शतकांनी, एकोणिसाव्या शतकात बसवली. आधी पाणी नुसतं पाटातून संथ वाहायचं. दुसरी, १९५८ मध्ये तिथे आग लागली, त्यानंतर खणलं तेव्हा मूळ वाफे सापडले. ते आजच्या वाटांपेक्षा कितीतरी खाली होते. वाट वर, माती खाली. चालणाऱ्याच्या पायाशी झाडांचे शेंडे यायचे, फुलांचा गालिचा तुडवत गेल्यासारखं वाटायचं. पाण्याचंही सोपं. पाटाच्या काठाची खाच उघडली की वाफा आपोआप भरला. मी म्हटलं, अगं, हे तर बारं धरणं झालं. ती म्हणाली, बारं म्हणजे काय? मग तासभर मी बोललो आणि ती लिहून घेत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कोणीतरी वहीत उतरवलं.

आणि अशी बाग सुरतेतही होती, हे तिच्याकडूनच कळलं. सुरत बंदराचं उत्पन्न शाहजहानने आपल्या मुलीला, जहाँआरा बेगमला दिलं होतं. तिची इथे बाग होती. तेवेनो नावाचा फ्रेंच प्रवासी १६६६ मध्ये सुरतेत आला, महाराजांच्या पहिल्या स्वारीला जेमतेम दोन वर्षं झालेली आणि विटांची भिंत उठायला लागलेली. त्याने ती बाग बघून लिहून ठेवली आहे. ओळीत लावलेले आंबे आणि ताड, एकमेकांना छेदणाऱ्या चार रुंद वाटा, वाटांच्या मधून विहिरीच्या पाण्याचे अरुंद पाट. मध्यभागी चारी बाजूंनी उघडी इमारत आणि प्रत्येक बाजूपुढे चौकोनी हौद. हौदातूनच पाट निघायचे. एवढं लिहून हा गृहस्थ तक्रारही करतो, की आमच्या देशातल्या बागांची सर याला नाही, फुलांचे ताटवे नाहीत, पाण्याचे खेळ नाहीत. म्हणजे कारंजी मागणारं गिऱ्हाईक तेव्हाही होतंच.

मी एका रविवारी बेगमवाडीत गेलो. नाव तेवढं उरलंय. कापडाची दुकानं, गाठोडी, टेम्पो, पार्सलवर पत्ता लिहिणारी पोरं, त्यातली निम्मी खानदेशातली. मी लेव्हल पाइप घेऊन गेलो होतो, काढायची मात्र लाज वाटली. नुसता चालत राहिलो. कोणत्या बाजूला उतार आहे ते पायांना कळतं. तळाशी काय होतं कोणास ठाऊक, पण वाडी म्हणजे बाग हे इतकी वर्षं रोज म्हणत असूनही डोक्यात शिरलं नव्हतं.

त्यानंतर मला नादच लागला. गावी जाताना वाट वाकडी करून औरंगाबादला गेलो. बीबी का मकबऱ्याची चारबाग बघितली, पण मी गेलो त्या दिवशी पाट कोरडे होते आणि लोक त्यांच्या काठावर बसून वेफर खात होते. पाणचक्कीवर मात्र दोन तास काढले. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळातून आणून एवढ्या जोराने हौदात पाडलंय, आणि कुठे मोटर नाही. सुरतेत कतारगाम दरवाजाजवळ डचांची जुनी कबरस्तानं आहेत. तिथे घुमटाखाली व्हान रीड नावाचा मोठा अधिकारी पुरला आहे, १६९१ च्या डिसेंबरात वारलेला. त्याने मलबारातल्या सातशेहून जास्त झाडांवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, होर्तुस मलाबारिकुस. या ग्रंथात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं पत्र छापलेलं आहे. केरळच्या इट्टी अच्युतन या वैद्याचंही आहे. एवढा मोठा कारभारी, पण झाड कोणतं, हे त्याने स्थानिक माणसाला विचारलं आणि विचारल्याचं छापून ठेवलं. मला बांची गॅलरी आठवली.

शेठना मी सरळ सांगितलं, माझं चुकलंय, पुन्हा करतो, मजुरी घेणार नाही. शेठ व्यापारी माणूस. म्हणाले, सामान माझं, घाम तुझा. सिमेंट छिन्नीने काढलं. सहा दिवस लागले, कारण जोरात ठोकलं तर बांच्या बाजूची भांडी फडताळातून पडायची. भिंतीला चुन्याचा गिलावा केला. चुना कालवायला माझ्याकडे माणूस नव्हता, रांदेरहून एक म्हातारा मिस्त्री आणला. तो सिमेंटला हात लावायचा नाही. वाफा भिंतीपासून दीड फूट आत घेतला, मधल्या पट्ट्यात खडी भरली. वाफे वाटेपेक्षा सव्वा फूट खाली नेले. कारंजी काढून टाकली. यावर शेठाणी आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि पाट पुन्हा बांधला, दहा फुटाला दोन सूत. म्हणजे पाव इंच. चोवीस फुटांत जेमतेम पाच सूत. खालच्या टोकाला छोटा उंबरा ठेवला, त्यामुळे पाणी सगळीकडे काठोकाठ उभं राहतं आणि उंबऱ्यावरून कागदासारखा पातळ पडदा टांक्यात पडतो. उतार इतका कमी की सुताची चूक झाली तर पाणी उलटं फिरेल. तीन दिवस मी आणि मिस्त्री नळी धरून बसलो होतो. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये मध्ये तो विडी ओढायचा आणि नळीतलं पाणी हलणं थांबेपर्यंत मला बोलू द्यायचा नाही.

झाडांचं थोडक्यात सांगतो. ग्रॅनाडाला कडेने मर्टल असते, तिला आपल्याकडे विलायती मेंदी म्हणतात. सुरतेच्या दमट हवेचा भरवसा नाही म्हणून मी साधी मेंदी लावली. फुलली की तिच्या वासाने गल्लीतले लोक दारातून डोकावतात. नारिंगाऐवजी कागदी लिंबं, चार कोपऱ्यांत चार. पहिल्या पावसाळ्यात त्यांवर पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या, पाच दिवसांत दोन झाडं बोडकी. मी औषध घेऊन गेलो तर शेठचा नातू अळीला बरणीत घालून बसला होता. बरणीतून काळंपिवळं फुलपाखरू निघालं आणि औषधाची बाटली मी परत नेली. झाडांना पुन्हा पालवी फुटलीच. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधणारी बाई दर पावसाळ्यात टॉर्च घेऊन येते. पाटात गप्पी मासे सोडल्यापासून ती चहा पिऊन जाते.

पावसाळ्यात टांकू भरतं. जूनमधल्या पहिल्या दोन पावसांचं पाणी आत घ्यायचं नाही, छप्पर धुवून जाऊ द्यायचं, मग झाकण उघडायचं. हे बांनी शिकवलं. त्यांच्या भिंतीचा लोणा पहिल्या वर्षी तीनदा झाडला, दुसऱ्या वर्षी एकदा. कोनाड्यात पुन्हा दिवा लागला. मोगऱ्याची पहिली ओंजळ मात्र त्यांच्या घरी जाते. तसा करार नाही, पण शेठाणीही काही म्हणत नाहीत.

कधी नव्हे ते वडील डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सुरतेला आले. हिरवी पट्टी निघाल्यावर मी त्यांना त्या घरी नेलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, अंगणात गेले, वाफ्यांकडे पाहिलं नाही, झाडांकडे पाहिलं नाही. पाटाच्या वरच्या टोकाला उकिडवे बसले. मेंदीचं एक पान तोडून पाण्यात टाकलं आणि कमरेची चंची काढून तंबाखू मळायला लागले. पान हलतंय की नाही हेच कळत नव्हतं. शेठ अदबीने उभे. मी घामाघूम. तंबाखू मळून झाली, चुना झटकला, चिमूट गालात गेली, तेव्हा पान कुठे अर्ध्यात आलं होतं. ते तसेच बसून राहिले. पान उंबऱ्याशी आलं, क्षणभर अडलं आणि पडद्याबरोबर खाली गेलं.

वडलांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून, शेठना कळू नये म्हणून अहिराणीत हळूच विचारलं, “बरं से. पन यामा पिकस काय?”